माळावरची वाटणी



वाटणी हा शब्द निघाला की आपल्याकडची माणसे जरा सावरून बसतात. भावाभावांत वाटणी झाली, बांध पडला, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या, कुणाचे मन दुखावले, कुणी कचेरी गाठली. तरीही वाटणीवाचून गाव चालत नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. एका विहिरीवर चार वाटेकरी आहेत आणि पाळी ठरलेली नाही, अशा ठिकाणी पिकाला पाणी मिळण्याआधी डोकी फुटतात. आज मला बोलायचे आहे ते अशाच एका वाटणीविषयी. फरक एवढाच, की हिचा सातबारा कुठल्याही तलाठ्याकडे सापडायचा नाही. आमच्या धर्मापुरीच्या शिवाराला लागून जो माळ आहे, तिथल्या पशुपक्ष्यांची ही वाटणी आहे.

धर्मापुरी म्हटले की बाहेरच्या माणसाला केदारेश्वराचे देऊळ आठवते. चालुक्यांच्या काळचे देऊळ, भिंतींवर दगडात कोरलेल्या मूर्ती. पाहुणा आला की आम्ही त्याला देऊळ दाखवतो, पडका किल्ला दाखवतो, चहा पाजतो आणि गाडीत बसवून देतो. माळ त्याला कुणी दाखवत नाही. तिथे दाखवण्यासारखे काय असणार, असे सगळ्यांना वाटते. बालाघाटच्या रांगांजवळचा हा मुलूख. काळ्या कातळावर वीतभर माती, तीवर कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते, मधेमधे बोराटी, तरवड, एखादे हिवराचे झाड. शिमगा झाला की सगळे पिवळे पडते. कागदोपत्री अशा जमिनीला आपण 'पडीक' म्हणतो. मी भूगोलाचा माणूस. नकाशात रिकामी जागा दिसली की ती कशाने तरी भरावी असे आम्हा लोकांना वाटतेच. पण माळावर मेंढरे चारणारे एक मामा मला म्हणाले होते, "सर, रिकामं काय नसतंय इथं. तुम्हाला दिसना गेलंय म्हणून नाही म्हणू नका."

तर काय असते तिथे, ते पाहू.

आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या प्राण्यापासून सुरुवात करू या. उंदीर! ज्वारी हुरड्यात आली, हरभरा घाट्यात आला, की उंदीर शेतात आलाच. आता हा उंदीर खाणारे किती आहेत बघा. दिवसा आभाळात एका जागी पंख फडफडवत उभी राहणारी पांढुरकी, लाल डोळ्यांची कापशी तुम्ही पाहिली असेल. ती उंदरावर जगते. दिवस मावळला की देवळाच्या, किल्ल्याच्या पडक्या कोनाड्यातून गव्हाणी घुबड निघते. तेही उंदरावरच जगते. आणि धामण? ती बिळात शिरून उंदीर धरते, जिथे कापशी जाऊ शकत नाही आणि घुबडही जाऊ शकत नाही. गिऱ्हाईक तिघांचे एकच, पण दुकाने वेगळी. एकाची पाळी दिवसाची, दुसऱ्याची रात्रीची, तिसऱ्याचा व्यवहार जमिनीच्या पोटात. त्यामुळे तिघे एकाच शिवारात सुखाने नांदतात.

घुबडाला दिवसा उठता येत नाही म्हणून ते रात्री फिरते, असे मुळीच नाही. त्याचे सारे शरीरच रात्रीच्या पाळीसाठी घडलेले आहे. पंखांच्या कडा मऊ, झालरीसारख्या. त्यामुळे उडताना आवाज होत नाही. दोन कान एका पातळीत नाहीत, एक जरा वर आणि एक जरा खाली. त्यामुळे अंधारात नुसत्या खसफशीवरून उंदीर नेमका कुठे आहे, हे त्याला उमगते. अशा पाखराला आपण अभद्र म्हणून धोंडे मारतो. धामणीचेही तेच. ती बिनविषारी, उंदरावर जगणारी, आणि तिला शेतकरीच काठीने मारतो! घरच्या सालगड्याला हाकलून द्यावे आणि मग पीक राखायला कुणी नाही म्हणून रडावे, तशातली ही गत.

गवत खाणाऱ्यांतही अशीच वाटणी असते. काळवीट उघड्या माळावरचे आखूड गवत खातो आणि आडोशाला सहसा जात नाही. लांडगा दुरून दिसावा आणि धावायला मैदान मोकळे असावे, एवढेच त्याला हवे असते. धावण्यात या देशातली फारच थोडी रानटी जनावरे त्याची बरोबरी करू शकतात. उलट चिंकाऱ्याचा ओढा झुडपांच्या पाल्याकडे आणि ओघळीनाल्यांकडे जास्त. ससा संध्याकाळी बाहेर पडतो. रानडुक्कर वरचे सोडून मातीतले कंद उकरते. हल्ली ते भुईमुगाच्या रानात हेच काम करते, त्याबद्दल तुमच्याकडून दोन शब्द ऐकायला मिळतील, ते मी जाणून आहे.

गाईच्या पायांशी चालणारा बगळा तर सगळ्यांना ठाऊक आहे. गाय गवतातून चालली की नाकतोडे उडतात आणि बगळा ते टिपतो. गाईचे काही जात नाही, बगळ्याचे पोट भरते. आता बैल कमी झाले, नांगरटीला ट्रॅक्टर आला. बगळ्याने आठवडाभरही शोक केला नसेल! तो ट्रॅक्टरच्या मागे चालू लागला. माती कोण उलटते याच्याशी त्याला कर्तव्य नाही, माती उलटली म्हणजे झाले.

सगळ्याच प्राण्यांना इतके सोपे नसते, बरे का. माळावरचा खरा प्रश्न पाण्याचा आहे. चैत्र-वैशाखात कातळ तापतो, तळी आटतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. घरटे असे काहीच नाही, चार खडे इकडे, चार खडे तिकडे. अंड्यांचा रंग असा, की तुम्ही त्यांच्यावर पाय द्याल तरी कळणार नाही. जवळ गेलात तर टिटवी ओरडत तुमच्या डोक्यावरून घिरट्या घालील आणि तुम्हाला भलत्याच दिशेला नेईल. पण उन्हाला ती कशी फसवणार? ती पाण्यावर जाते, पोटाची पिसे भिजवते, येऊन अंड्यांवर बसते. ओल्या पोटाने अंडी गार राहतात. टिटवीने चार अंडी घातली म्हणजे चार महिने पाऊस, असे आपल्याकडे म्हणतात. टिटवी बहुतेक वेळा चारच अंडी घालते, हे मात्र सांगून ठेवतो. तेव्हा या हिशोबाने दुष्काळ कधी पडायलाच नको होता.

याहून नवलाची गोष्ट पाखुर्डीची. काही लोक तिला भट तित्तर म्हणतात. मातकट रंगाचे, कबुतराएवढे पाखरू, माळावर बसले तर ढेकूळच वाटते. हिचे खाणे म्हणजे वाळलेले बी. त्यात ओलावा नाही, म्हणून रोज पाण्यावर जावेच लागते. मोठी पाखरे थव्याने उडत दूरच्या तळ्यावर जातात. पिल्लांनी काय करावे? त्यांना तर उडता येत नाही. मग नर पाण्यात शिरतो आणि पोटाची पिसे भिजवून घेतो. ती पिसे साधी नसतात. त्यांच्या बारीक तंतूंना पीळ असतो, तो पाण्यात उलगडतो आणि तंतूतंतूत पाणी धरून राहते. नर तसाच उडत माळावर येतो, उभा राहतो, आणि पिल्ले त्याच्या पोटाखाली येऊन ती पिसे चोखतात. गाय वासराला पाजते, तसा हा बाप पोरांना पाणी पाजतो. हे १८९६ साली एका इंग्रज पक्षिपालकाने आपल्या पिंजऱ्यातल्या पाखरांवरून लिहिले, तेव्हा पुष्कळांचा विश्वास बसला नव्हता. पुढे १९६७ साली आफ्रिकेतल्या कालाहारीच्या वाळवंटात याच कुळातल्या पाखरांवर दोन शास्त्रज्ञांनी ते पडताळून दाखवले.

आता मृगाचा पाऊस पडू द्या. आफ्रिकेतून समुद्र ओलांडून चातक येतो. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा. तो फक्त पावसाचे थेंब पितो, असे कवी म्हणतात. कवींना म्हणू द्या. तो येतो त्यामागे एक कारण पोटाचे आहे. पाऊस पडला की पाल्यावर केसाळ अळ्या येतात. त्यांच्या केसांनी आग होते, म्हणून बहुतेक पाखरे त्यांच्या वाटेला जात नाहीत. चातकाच्या जातकुळीला मात्र त्या पचतात. दुसऱ्या कुणी हात लावला नाही असा हा वाटा याच्या नावावर चढला. इथवर ठीक. पण चातक स्वतः घरटे बांधत नाही. मादी सातभाईंच्या घरट्यात अंडे घालते. सातभाईंचे अंडे निळे, चातकाचेही निळेच. बिचारे सातभाई दुसऱ्याचे पोर आपले समजून भरवत बसतात. कोकिळा कावळ्याला फसवते, त्यातलाच हा प्रकार.

शाळेत हे सांगितले की मुले विचारतात, "सर, मग चातक वाईट का?" गुरुजनहो, इथे आपल्याला सांभाळून उत्तर द्यावे लागते. गोष्टीतला कोल्हा लबाड असतो आणि ससा हुशार असतो. माळावरचा कोल्हा लबाड नसतो, नुसता भुकेला असतो. माणसाचा राग, सूड, दया जनावरांच्या अंगावर चढवली की समोर काय घडते आहे, ते दिसेनासे होते.

याचे उदाहरण दूर शोधायला नको. २०२१ साली आपल्याच जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यातल्या लऊळ गावात जे झाले ते तुम्हाला आठवत असेल. वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर, घरांच्या माळवदांवर नेऊ लागली आणि पिल्ले मरू लागली. गावात बोलवा उठली, की कुत्र्यांनी वानराचे पिल्लू मारले होते, त्याचा हा सूड आहे. अडीचशे कुत्री मारली, असा आकडा देशभर झाला. परदेशी वर्तमानपत्रांतही 'सूड' हाच शब्द छापून आला. तो आकडा कुणी मोजलेला नव्हता. वनखात्याने दोन वानरे पकडून नेली.

जाणकारांनी त्याचा उलगडा केला तो वेगळा आहे. वानरांत एकमेकांची पोरे उचलून घेण्याची, कवटाळून फिरवण्याची रीत असते. एखाद्या वानराला कुत्र्याचे पिल्लू उचलायची सवय लागते. ते पिल्लाला उंचावर नेते, त्याच्या अंगावरच्या पिसवा निवडते. वानराच्या पोराचे हात आईच्या केसांना घट्ट धरून असतात. कुत्र्याच्या पिल्लाला धरता येत नाही, उतरताही येत नाही. मग ते वरून पडून मरते, नाहीतर दुधावाचून मरते. यात सूड कुठे आहे? मेळघाटच्या जंगलात हेच वानर झाडावर बसून पाला-फळे खाली टाकते, ती चितळ खाते, आणि वाघ दिसला की वानर वरून खेकसते आणि चितळ सावध होते. तिथला शेजार पिढ्यान्‌पिढ्यांचा, दोघांच्या सोयीचा. गावातला वानर-कुत्र्याचा शेजार मात्र आपण जुळवून दिलेला आहे. रानातली फळझाडे गेली, गावात उकिरडा वाढला, आणि दोघे एका ठिकाणी आले. वाटणी झालेलीच नाही, मग भांडण नाही तर दुसरे काय होणार?

आणि आता ज्या वाट्याला धनीच उरला नाही, त्याची गोष्ट सांगतो.

तुमच्यातल्या पन्नाशीपुढच्या माणसांना गिधाडे आठवत असतील. ढोर मेले की ते माळावर नेऊन टाकत. हे काम गावाने एका समाजाच्या गळ्यात बांधले होते. बाबासाहेबांनी सांगितले आणि त्या लोकांनी ते टाकून दिले, हे योग्यच झाले. ढोर टाकले, की आभाळात आधी एक ठिपका दिसे, मग दहा, मग पन्नास. त्या जेवणावळीतही पंगत ठरलेली असे. मोठ्या दणकट चोचीचे गिधाड कातडे फाडी, लांब उघड्या मानेची आत शिरून मांस खात, आणि लहान पांढरे गिधाड उरलेसुरले टिपी. मान उघडी का, तर आत शिरताना पिसे रक्ताने बरबटू नयेत म्हणून. तासा-दोन तासांत मागे फक्त हाडे. सडलेले मांस त्यांना बाधत नसे, कारण त्यांच्या पोटातला आम्लरस अतिशय तीव्र असतो.

१९९० नंतरच्या पंधरा-सोळा वर्षांत ही गिधाडे संपली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतात जी मोजणी झाली, तीत १९९२ ते २००७ या काळात हजारामागे एक उरले, असे दिसून आले. प्लेगने मेली म्हणावे तर तसे नव्हते, गोळीने मेली म्हणावे तर तसेही नव्हते. उलगडा २००४ साली पाकिस्तानातल्या संशोधनातून झाला. कारण निघाले जनावरांच्या दवाखान्यातले एक साधे औषध. डायक्लोफेनॅक. अंग दुखले, ताप आला, की गाई-बैलांना ते टोचत. जनावर बरे झाले तर प्रश्नच नाही. पण ते तशातच मेले, तर औषध मांसात राही. ते मांस खाल्ले की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होत आणि थोड्याच दिवसांत ते मान टाकून मरे. एका ढोरावर पन्नास गिधाडे बसत, तेव्हा एक विषारी ढोर किती घरटी उठवी, याचा हिशोब करा. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला पाच-एक वर्षे लागतात. मेलेली भरून यायची कशी?

गिधाडांचा वाटा ओस पडला, पण मेलेली ढोरे पडतच राहिली. तो वाटा मग भटक्या कुत्र्यांनी धरला. कुत्रे गिधाडासारखे सफाईने खात नाही. ते तोडते, ओढते, अर्धे सोडते. त्याला पिसाळण्याचा रोग होतो आणि ते माणसाला चावते. गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात देशात सुमारे पाच लाख माणसे जास्तीची मेली असावीत, असा अंदाज दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला. कुत्र्यांचे चावे आणि नासलेले पाणी ही त्यांनी दिलेली मुख्य कारणे. अंदाज तो अंदाज, कमी-जास्त धरा. पण गिधाड गेले तर माणसाचे काय जाते, असे विचारणाऱ्याला हा जबाब आहे.

कुत्र्यांनी माळावर आणखीही एक नुकसान केले. आपले खोकड, ते लहानसे, काळ्या शेंड्याच्या शेपटीचे, उंदीर, किडे आणि बोरे खाऊन राहणारे. त्याला कुत्र्यांमुळे डिस्टेंपरचा रोग लागतो आणि कुत्रे मागे लागले की ते चांगली चरणीची जागा सोडून देते. खोकड कमी झाले की उंदरांचा एक राखणदार कमी झाला. लांडग्याचेही हाल तसेच. काळवीट कमी झाले, म्हणून तो मेंढरे धरतो. मेंढरे धरतो, म्हणून मार खातो. लांडग्याने मेंढरू नेले तर वनखात्याकडून भरपाई मिळते. पंचनामा मात्र लगेच करून घ्यावा लागतो.

डायक्लोफेनॅक जनावरांना देण्यावर सरकारने २००६ साली बंदी घातली. पुढे केटोप्रोफेन आणि ॲसेक्लोफेनॅक या दोन औषधांवरही २०२३ साली बंदी आली. मेलॉक्सिकॅम नावाचे औषध तेच काम करते आणि गिधाडाला बाधत नाही. माणसांसाठीची डायक्लोफेनॅकची बाटली अजून औषधाच्या दुकानात मिळते, आणि कुणी तीच आणून जनावराला टोचली तर बंदी कागदावरच राहते. जनावराला दुखण्यावर इंजेक्शन देताना बाटलीवरचे नाव वाचा. वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराकडून वाचून घ्या.

माळाबद्दल एक बोलायचे राहिले. पडीक म्हणून आपण तिथे खड्डे घेऊन झाडे लावतो. हेतू चांगला असतो, मी नाव ठेवत नाही. पण काळवीट, पाखुर्डी, टिटवी यांना उघडा माळच लागतो, गर्द झाडी लागत नाही. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य केले. तो पक्षी आता देशभर मिळून दीडशेच्या आत उरला आहे आणि महाराष्ट्रात त्याचे दर्शन दुर्मीळ झाले आहे. त्याच्या माळावर नांगर फिरला, विजेच्या तारा आल्या. झाडे जरूर लावा. ओढ्याकाठी लावा, बांधावर लावा, शाळेच्या आवारात लावा. गवताला गवताची जागा राहू द्या.

शिक्षक बंधूंनो, प्रयोगशाळा नाही म्हणून अडून बसू नका. एक शंभर पानी वही घ्या. तीत चार रकाने आखा: तारीख, जागा, प्राणी, आणि तो काय खात होता. मुलांना दर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तासभर माळावर न्या. पहिला चातक कोणत्या तारखेला ओरडला, टिटवीची अंडी कुठल्या खड्यांत आहेत, देवळाच्या कोनाड्याखाली घुबडाने टाकलेल्या गोळ्यांत उंदरांच्या किती कवट्या निघाल्या, हे लिहून ठेवा. ती गोळी पाण्यात भिजवून काडीने उकलली की हाडे सुटी होतात आणि पोरे मोजायला धावतात. अंड्यांना मात्र कुणी हात लावू नये. आणि आभाळात, फार उंच, मान आखडून घिरट्या घालणारा मोठा ठिपका दिसला, तर तारीख आणि वेळ लाल शाईने लिहा आणि वनखात्याला कळवा.